'द स्नो चाइल्ड': बर्फातून आलेली लेक

पानगळ

एओविन आयव्ही या अलास्कात वाढलेल्या लेखिकेची 'द स्नो चाइल्ड' ही कादंबरी परवा दुसऱ्यांदा वाचून संपवली. २०१२ साली आलेली ही तिची पहिलीच कादंबरी, २०१३ च्या पुलित्झरच्या अंतिम यादीत होती. इथे कुणी तिच्यावर लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून धागा काढते आहे. पुढे कथानक उघड होईल. ज्यांना कोरं वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबा.

सुरुवात अशी आहे. १९२० सालचा नोव्हेंबर. पन्नाशीच्या आसपासचं एक जोडपं, जॅक आणि मेबल, पेनसिल्व्हेनियातलं घरदार सोडून अलास्कात जमीन कसायला आलेलं. मेबल एका दुपारी गोठलेल्या नदीवर चालत जाते, परत न येण्यासाठी. पायाखालचा बर्फ तडकतो, पण फुटत नाही. ती घरी येते आणि रात्रीच्या जेवणाच्या तयारीला लागते. जॅकला काही सांगत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांचं मूल जन्मतःच गेलेलं असतं. मेबलनं ते पाहिलेलं नसतं. जॅकनं एकट्यानं नेऊन घरच्या फळबागेत पुरलेलं असतं. इतक्या लांब येण्याचं कारणही तेच: नात्यागोत्यातल्या पोरांचा कलकलाट, लोकांच्या नजरा, यातलं काही नको. पण जी शांतता हवी म्हणून आले, तीच आता दोघांना खायला उठलेली.

मग पहिला बर्फ पडतो. कधी नव्हे ते दोघं लहान मुलांसारखी बर्फात खेळतात आणि एक छोटी मुलगी घडवतात. जॅक चाकूनं तिचा चेहरा कोरतो, मेबल तिला लाल हातमोजे आणि मफलर घालते. सकाळी बघतात तर मुलगी ढासळलेली, हातमोजे-मफलर नाहीसे, आणि तिथून जंगलाकडे गेलेली पावलं. फक्त जाणारी. येणारी पावलं कुठेच नाहीत. पुढे झाडांमध्ये एक खरीखुरी मुलगी दिसायला लागते, सोबत एक कोल्हा. तिचं नाव फाइना.

मेबलला लहानपणी वडिलांकडच्या एका पुस्तकात पाहिलेली रशियन परीकथा आठवते, 'स्नेगुरोच्का', बर्फाची मुलगी. ती बहिणीला पत्र लिहून ते पुस्तक मागवते. पुस्तक येतं, पण ते रशियनमध्ये. गोष्ट कळते ती बहिणीच्या पत्रातून, आणि सोबत हेही कळतं की गोष्ट कुठल्याही रूपात सांगा, मुलगी शेवटी राहत नाही. तिथून पुढे मेबल प्रत्येक वसंत ऋतू जीव मुठीत धरून काढते.

मला सर्वांत जास्त भिडलं ते मुलीचं येणं-जाणं नव्हे. ते मूल मुलगा होतं की मुलगी, एवढं एक मेबलनं नवऱ्याला कित्येक वर्षं विचारलेलं नसतं. एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून दोघं आपापलं दुःख वेगवेगळं जेवत असतात.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. चौदा वर्षांपूर्वी आमचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मला दाखवलं नाही. "बघू नकोस, मग विसरायला जड जातं," असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या, आणि त्या वेळी मला ते खरं वाटलं. नवरा आणि दीर घेऊन गेले. कुठे नेलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

असो. वाचलेल्यांना मला एक विचारायचं आहे. तुमच्या लेखी फाइना कोण? खरी, जंगलात एकटी राहिलेली पोर, की बर्फातून आलेली?

---

तगर

पानगळ, वाचून गलबलायला झालं. पुस्तक वाचलेलं नाही, आता वाचेन. तुला घट्ट मिठी.

---

समोवार

धागा उत्तम. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलो आणि पुढे दोन वर्षं मॉस्कोत होतो, त्यामुळे मूळ गोष्टीबद्दल थोडं लिहितो.

लोककथेतल्या म्हाताऱ्या-म्हातारीची नावं बहुतेक ठिकाणी इवान आणि मार्या. मूलबाळ नाही. हिवाळ्यात खिडकीतून शेजारच्या पोरांचा खेळ बघतात आणि आपणही बाहेर जाऊन बर्फाची मुलगी करतात. ती जिवंत होते, घरात वावरते, कामाला हात लावते. वसंत आला की मात्र उदास होते, सावली शोधत बसते. एका आवृत्तीत एक फार हळवी जागा आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर गारा पडतात, आणि मोती मिळावेत तशी ती त्या गारा बघून हरखते. ऊन पडून गारा वितळल्यावर सख्ख्या भावासाठी रडावं तशी रडते. पुढे इवान कुपालाच्या रात्री, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाला, गावच्या मुली जाळावरून उड्या मारतात. तीही मारते, आणि वाफ होऊन जाते.

दुसरी आवृत्ती त्याहून कठोर आहे. मुलगी जंगलात वाट चुकते. अस्वल आणि लांडगा घरी पोचवायला तयार होतात, पण ती कोल्ह्याबरोबर येते. बक्षीस म्हणून कोल्ह्याला कोंबडी द्यायचं ठरतं. म्हातारा-म्हातारीला कोंबडी सोडवत नाही, ती पोत्यात कुत्रा भरून देतात. आपली किंमत एका कोंबडीएवढीही नाही हे मुलीला उमगतं आणि ती तिथल्या तिथे विरघळते. आर्थर रॅन्सम या इंग्रज लेखकानं १९१६ साली रशियन गोष्टींचा संग्रह काढला, त्यात हीच आवृत्ती आहे. कादंबरीतला कोल्हा मला तिथूनच आल्यासारखा वाटतो.

तिसरं रूप नाटकातलं. अलेक्सांद्र ओस्त्रोव्स्कीनं १८७३ साली 'स्नेगुरोच्का' लिहिलं, त्याला संगीत चायकोव्स्कीचं. त्यावरूनच रिम्स्की-कोर्साकोव्हचा ऑपेरा आला, १८८२ मध्ये. इथे ती वसंतराणी आणि हिमराजाची लेक आहे. तिला प्रेम करताच येत नाही. ती आईकडून प्रेम मागून घेते आणि ते मिळाल्यावर सूर्याच्या पहिल्या किरणानं वितळते. म्हणजे लोककथेत मुलाची ओढ असलेले आईबाप मध्यभागी, तर नाटकात स्वतः मुलगी. आयव्हीनं पूर्वार्ध लोककथेला दिला आणि उत्तरार्ध नाटकाला, असं मला वाटतं.

आजच्या रशियात मात्र स्नेगुरोच्का म्हणजे नववर्षाला द्येद मरोज या हिमआजोबांबरोबर येणारी नात, निळ्या-पांढऱ्या झग्यातली. क्रांतीनंतर नाताळाच्या झाडावर गदा आली होती. १९३५ च्या अखेरीस ते 'नववर्षाचं झाड' म्हणून परत आलं आणि पुढे ही नात घरोघरी पोचली. त्या नातीला वितळण्याची भीती नाही. दरवर्षी येते, मुलांना भेटवस्तू देते. मॉस्कोत आमच्या वसतिगृहाची राखणदार आजी मात्र म्हणायची, "ती खरी नव्हे. खरी एकदाच आली."

---

तगर

स्नेगुरोच्का म्हणजेच आपली हिमगौरी ना? सात बुटक्यांची?

---

समोवार

नाही. ती ग्रिम बंधूंची जर्मन गोष्ट, हिचा तिच्याशी संबंध नाही. 'स्न्येग' म्हणजे हिम आणि पुढचा प्रत्यय लाडाचा. मराठीत 'हिमकन्या' फार संस्कृत होतं. एखाद्या म्हातारीनं अंगणातून हाक मारावी असं नाव हवं.

---

पानगळ

'बर्फुली' कसं वाटतं?

---

समोवार

चालेल. नव्हे, धावेल.

---

उत्तरवारा

मी मिनेसोटात असतो, बारा वर्षं झाली. पुस्तक इथल्याच ग्रंथालयातून आणून वाचलं होतं.

पहिल्या प्रकरणांतली एक गोष्ट इथे राहणाऱ्याला लगेच पटते. बर्फाची बाहुली कुठल्याही बर्फाची होत नाही. उणे वीसला पडणारा बर्फ रांगोळीसारखा कोरडा असतो. मुठीत दाबला तरी धरत नाही, बोटांमधून गळतो, आणि त्यावर चालताना बुटाखाली करकर वाजतो. बाहुली करायला शून्याच्या आसपासचा, किंचित ओला बर्फ लागतो, म्हणजे हिवाळ्याच्या अगदी सुरुवातीचा नाहीतर अगदी शेवटचा. आयव्हीनं ती मुलगी पहिल्याच बर्फाची करवली आहे. दोन आठवडे उशीर झाला असता तर जॅक आणि मेबलला ती घडवता आली नसती. हे तिथे जन्म काढलेल्या माणसालाच सुचतं.

भाषेचीही एक अडचण आहे. इंग्रजीत पडणारा बर्फ वेगळा, गोठलेलं पाणी वेगळं. रशियनमध्येही दोन शब्द असणार. आपल्याकडे सरबतात घालतो तोही बर्फ आणि हिमालयात पडतो तोही बर्फ. या कादंबरीत पहिल्या प्रकरणात मेबल ज्याच्यावर मरायला जाते तो एक, आणि पुढे ज्याच्यातून तिला मुलगी मिळते तो दुसरा. मराठीत दोन्हीला बर्फच म्हणावं लागतं. भाषांतर करणाऱ्यानं इथे काय करावं?

माझ्या मुलीनं चार वर्षांची असताना बर्फाचा एक गोळा फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता, आजी जूनमध्ये येणार म्हणून. जूनमध्ये काढला तेव्हा तो निम्मा उरला होता आणि काचेसारखा कडक झाला होता. ती म्हणाली, "हा तो नाही." एक शब्द दोन गोष्टींना पुरत नाही हे मला तेव्हा कळलं.

---

समोवार

उत्तरवारा, बरोबर. 'स्न्येग' आणि 'ल्योद'. मी भाषांतर केलं तर नदीवरच्याला 'गोठण' म्हणेन आणि आकाशातल्याला 'हिम'. पण मेबलच्या तोंडी 'हिम' घालताना जीभ अडखळते.

---

मुक्तछंद

वेगळं मत मांडते, रागावू नका.

पूर्वार्ध अप्रतिम आहे याबद्दल वाद नाही. उत्तरार्धात मात्र मला लेखिकेचा राग आला. शेजारच्या बेन्सन कुटुंबातला धाकटा मुलगा गॅरेट फाइनाच्या प्रेमात पडतो, लग्न होतं, मूल होतं, आणि त्यानंतर फाइना आजारी पडून एका हिवाळी रात्री बाहेर जाते ती परत येत नाही. म्हणजे हिशोब काय झाला? जंगलात स्वतःच्या बळावर जगणारी, सापळे लावणारी, कुणाचीही नसलेली एक मुलगी. तिला घरात आणलं, शिवलेल्या कपड्यांत बसवलं, आई केलं आणि संपवलं. मेबलच्या मांडीवर शेवटी बाळ आलं, पण त्यासाठी दुसऱ्या एका मुलीचा जीव खर्ची पडला. आई होण्याची ओढ इतकी पवित्र धरायची का, की तिच्यापुढे फाइनाला काय हवं होतं हे कुणी विचारूच नये?

मला स्वतःला मूल नको होतं आणि नाही. त्यामुळे मी बाहेरून बघते आहे हे मान्य. पण प्रश्न खरा आहे.

---

पानगळ

मुक्तछंद, रागावण्याचा प्रश्नच नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही शेवट टोचला होता.

पण गॅरेटची आई एस्थर बेन्सन आठव. तीन मुलगे वाढवलेली, नवऱ्याच्या पँटी घालून वावरणारी, मोठ्यांदा बोलणारी. ती मेबलला सुरुवातीपासून सांगत असते की हिवाळ्यात घरात कोंडून बसलेल्या बाईला काय काय दिसायला लागतं. मेबल ऐकत नाही. आणि जॅकला फाइनाबद्दल जे माहीत असतं ते तो मेबलला सांगत नाही. म्हणजे फाइनाला काय हवं होतं हे न विचारण्याची चूक कादंबरीतल्या माणसांची आहे, आणि लेखिकेला ती दिसते. मेबल तिच्या मागे लागते, शाळेत घालू म्हणते, आमच्याकडेच राहा म्हणते, आणि दर वेळी ती मुलगी जंगलाकडे सरकते. फाइना समोर असते तेव्हा संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, हे लक्षात आलं का? बाकी सगळ्यांचं बोलणं अवतरणात. ती आली की बोलणं आणि वारा एकच होतात. तिला घरात बसवता येत नाही हे लेखिकेनं छपाईतसुद्धा सांगून ठेवलं आहे.

तरीही बाळंतपणाबद्दल तू म्हणतेस ते पूर्ण खोडता येत नाही. त्या जागी माझं मन आजही थांबतं.

---

मुक्तछंद

अवतरणचिन्हांचं लक्षात आलं नव्हतं. पुन्हा उघडून पाहिलं. खरंच की.

---

गोधडी

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते.

आमची मुलगी दत्तक आहे. सव्वातीन वर्षांची असताना घरी आली. पहिले दोन महिने ती बूट घालून झोपायची. काढायला गेलं की पाय पोटाशी घ्यायची. मी अंगाई म्हणून, गोष्टी सांगून, नवे मऊ मोजे आणून बघितले. नवऱ्यानं काहीच केलं नाही. एक दिवस तोही बूट घालून तिच्या शेजारी गादीवर आडवा झाला. तीन रात्री तसाच झोपला. चौथ्या रात्री तिनं आधी त्याचे बूट काढले, मग स्वतःचे.

हे सांगायचं कारण जॅक. फाइनाच्या बापानं दारूपायी थंडीत जीव गमावलेला असतो. ती एवढीशी पोर त्याच्या प्रेताची राखण करत राहिलेली असते, आणि जॅकला तिथे घेऊन जाते. जॅक थिजलेल्या जमिनीशी झुंजून त्याला पुरतो. तिला शब्द दिलेला असतो म्हणून घरी बोलत नाही. इकडे मेबल परीकथेचं पुस्तक मांडीवर घेऊन ठरवते आहे की ही माझी, बर्फातून माझ्यासाठी आलेली. फाइना बर्फातून आलेली असेल तर तिला आधीचं आयुष्य नाही, बाप नाही, भूक नाही. आई व्हायला निघालेल्या बाईला हे किती सोयीचं असतं ते मला ठाऊक आहे. मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटायचं, की ही आमच्या दारात आली तेव्हाच जन्मली. तिच्या डाव्या कोपराखाली एक जुना भाजल्याचा डाग आहे. तो कसा झाला हे कुणालाच ठाऊक नाही. तिलाही नाही. त्या डागाला मी आधी बाह्यांखाली झाकायची. आता आंघोळीनंतर तिथेही तेल लावते.

पानगळ, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: फाइना खरी. मेबललाही शेवटी ते स्वीकारावं लागतं, म्हणून तर ती आई होते. पण जॅक आधी झाला.

---

तगर

गोधडी, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

---

वाटसरू

ललित वाचनाचा माझा पिंड नाही, इतिहासाचा आहे. पुस्तक बायकोच्या आग्रहानं वाचलं. थोडी पार्श्वभूमी देतो.

अमेरिकेनं अलास्का रशियाकडून १८६७ साली ७२ लाख डॉलरना विकत घेतला. म्हणजे एके काळच्या रशियन मुलखात रशियन गोष्ट परत उगवते आहे. १८६२ चा होमस्टेड कायदा १८९८ मध्ये अलास्काला लागू झाला. जमिनीवर हक्क नोंदवायचा, काही वर्षं तिथे राहून ती कसायची, मग ती मालकीची. जॅक जी जमीन साफ करतो आहे ती अशी. आधी झाडं पाडायची, मग खोडं उपटायची. आपल्याकडे रान मोडून शेत करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. घोड्यापायी जॅकची पाठ जायबंदी होते, तेव्हा त्या हंगामाबरोबर सगळं वर्ष बुडायची वेळ येते. बेन्सन मायलेक धावून आले नसते तर त्यांना गाशा गुंडाळावा लागला असता. अलास्का रेल्वे १९२३ साली पूर्ण झाली.

त्या भागात डिसेंबरात दिवस जेमतेम पाच-साडेपाच तासांचा, पण जूनमध्ये एकोणीस तासांहून मोठा. त्या उजेडावर कोबी अशी पोसते की अलास्कातल्या पामर गावच्या जत्रेत २०१२ साली ६२ किलोंहून जड गड्डा निघाला. लेखिका त्याच पामरमध्ये एका पुस्तकांच्या दुकानात काम करायची. तिथेच तिच्या हाती या परीकथेचं मुलांसाठीचं चित्रपुस्तक पडलं आणि तिथून ही कादंबरी सुरू झाली.

---

सोनचाफा

सगळ्यांचं वाचून मला आमच्या घरचा श्रावणातला शुक्रवार आठवला.

जिवतीचा कागद भिंतीला लावायचा: नरसिंह, कालियावरचा कृष्ण, बुध-बृहस्पती आणि मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका. ही जरा म्हणजे जरासंधाची. दोन राण्यांच्या पोटी अर्धं अर्धं आलेलं मूल टाकून दिलेलं होतं, ती दोन शकलं राक्षसीनं सांधली. आपल्याकडे मुलांची रक्षणकर्ती म्हणून भिंतीवर कोण आहे बघा. जिनं स्वतः जन्म दिला नाही, ती.

आणि कहाणी. राजाला मूल नाही. राणी सुईणीला फितवते. गावातल्या गरीब ब्राह्मणबाईच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिचं बाळ राणीकडे पोचवतात आणि तिला सांगतात, तुला वरवंटा झाला. वरवंटा. लहानपणी या जागी हसू यायचं. आता काटा येतो. बाई भांडत नाही. दर शुक्रवारी जिवतीची पूजा करून चारी दिशांना अक्षता टाकते: जय जिवती आई माते, जिथं माझं बाळ असेल तिथं ते खुशाल असो. हिरवं लुगडं नेसत नाही, तांदळाचं धुवण ओलांडत नाही, कारल्याच्या मांडवाखालून जात नाही. पुढे राजपुत्र मोठा होऊन गावजेवण घालतो, तिला पान्हा फुटतो आणि दुधाची धार त्याच्या तोंडात उडते.

इवान-मार्याची गोष्ट आणि ही, दोन्हीकडे ओढ तीच. पण आपल्या कहाणीत मूल जिच्याकडे आलं तिची नव्हे, जिच्याकडून गेलं तिची बाजू आहे. फाइनाच्या गोष्टीत मेबल दोन्हीकडे उभी आहे, हे मला धागा वाचताना जाणवलं.

आमच्या मोठ्या काकूला मूल नव्हतं. शुक्रवारी आम्हा पोरांना पाटावर बसवून आई आणि धाकटी काकू ओवाळायच्या, तेव्हा मोठी काकू स्वयंपाकघरात पुरण वाटत असायची. तिला कुणी मुद्दाम दूर ठेवलं असं नाही. पण पाटापाशी येऊन ओवाळ, असंही कुणी म्हटलं नाही. एकदा मी पाणी प्यायला आत गेले तर ती मागच्या दाराशी उभी होती. डब्यातले चार तांदूळ तिनं विहिरीच्या बाजूला टाकले आणि हात पदराला पुसले. मी नऊ वर्षांची होते. तिला आधी काही झालं होतं का, हे मला आजही माहीत नाही. आता विचारायला घरात कुणी उरलं नाही.

---

मुक्तछंद

सोनचाफा, हे वाचून मी माझा आधीचा प्रतिसाद पुन्हा वाचला. फाइनाबद्दल मत तेच आहे. पण 'मूल नसणं' म्हटलं की मी माझ्यासारख्यांचाच विचार करत होते. विहिरीच्या बाजूला तांदूळ टाकणाऱ्या बाईचा केला नव्हता.

---

उत्तरवारा

ज्यांनी पुस्तक मिळवलं आहे त्यांनी फाइना हे नाव कुठल्या उजेडाला म्हटलं जातं ती जागा नक्की बघा. संध्याकाळी बर्फाच्या डोंगरावर गुलाबी झळाळी येते, तिला. इथे डोंगर नाहीत, पण जानेवारीत सूर्य बुडताना गोठलेल्या तळ्यावर तसाच रंग येतो, पाच-सात मिनिटं. मुलीला दाखवायला हाक मारेपर्यंत जातो.

---

पानगळ

धागा काढताना एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, त्याचं कारण सांगते.

सोनचाफाची काकू वाचली त्या रात्री नवऱ्याला विचारलं. तो जेवत होता. ताटातला हात तसाच राहिला. म्हटलं, सांगायचं नसेल तर राहू दे. तो उठून हात धुऊन आला आणि फ्रीजवर चुंबकाखाली वीजबिल होतं ते काढून त्याच्या पाठीवर नकाशा काढायला लागला. आमच्या गावचा ओढा, वरचा बांध, बांधावरची दोन करंजं. दुसऱ्या करंजापासून पावलं मोजून तिनं, म्हणाला. 'तिनं' हा पावलांचा आकडा आहे असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, तो मुलीबद्दल बोलतोय. वाक्य अर्धंच राहिलं होतं: तिनं डोळे मिटलेले होते आणि केस खूप होते.

मुलगी होती.

त्या दिवशी पाऊस होता. सासूबाईंचं एक जुनं मऊ लुगडं त्यानं सोबत नेलं होतं, हे दिरालाही आठवतं. तिथे त्यानं चाफ्याची फांदी लावली. पुढची दोन वर्षं मोटार बघायला म्हणून जो दर पंधरवड्याला गावी जायचा, तो उन्हाळ्यात त्या चाफ्याला पाणी घालायला जात होता. मी त्या वेळी त्याच्यावर चिडायचे, की मला एकटीला टाकून याला शेताचं पडलं आहे.

गोधडी, जॅक आधी झाला, असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी त्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण पुस्तक कुठे आहे म्हणाला. इंग्रजी कादंबऱ्या तो वाचत नाही. रोज झोपताना आठ-दहा पानं वाचतो, अडलं की विचारतो. काल विचारलं, हा हातमोज्यांचा रंग लालच का. मी म्हटलं, लांबून दिसावा म्हणून असेल. आता तो जॅक जंगलात तिच्या मागे जातो तिथवर आला आहे. खूण म्हणून वीजबिलच घातलं आहे, नकाशाची बाजू आत करून.